हातात दिलेली शाल

"हातात घे, बाई," अध्यक्ष म्हणाले आणि शाल मायच्या पुढे धरली.

त्याच मंचावर त्याआधी सहा जणांचा सत्कार झाला होता. मुख्याध्यापिका, गावातल्या डॉक्टरीणबाई, एक वकील, दोन शिक्षक, एक माजी विद्यार्थी. अध्यक्षांनी सहाही जणांची शाल स्वतः उलगडली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. सातवी माय. तिची शाल उलगडली गेली नाही. दुकानातून आली तशीच, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी घातलेली. अध्यक्षांनी पिशवीचं एक टोक दोन बोटांत धरलं. मायनं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. फोटो निघाला.

मी तिथे नव्हते. तरी हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण तो फोटो माझ्याच संगणकावर आला आणि बाकीचं पुढे शाळेतल्या लोकांकडून कळलं. पिशवीवर फ्लॅशचा पांढरा डाग होता.

मी तेव्हा यवतमाळला एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. नोकरीला आठ महिने झाले होते. माय दारव्हा रस्त्यावरच्या एका गावात खाजगी शाळेत संडास धुवायची. एकवीस वर्षं. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, इमारतीला तिसरा मजला चढला, पाट्या सगळ्या इंग्रजीत आल्या. मायचा खराटा, बादली आणि फिनाईल तेच राहिलं. बाप मी सातवीत असताना गेला. माझं शिक्षण त्या खराट्यावर झालं. हे मी आज लिहिते. त्या आठ महिन्यांत कार्यालयात कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायची, "आई शाळेत आहे." लोक शिक्षिका समजत. मी समजू देत होते.

शाळेच्या वर्धापनदिनाची प्रेसनोट दुपारी आली. सोबत दोन फोटो. पहिल्यात मुख्याध्यापिका, खांद्यावर शाल. दुसऱ्यात माय. मागे मोठा फलक, त्यावर इंग्रजीत फेलिसिटेशन सेरेमनी. मायच्या दोन्ही बाजूंना मिळून अकरा माणसं उभी होती. प्रेसनोटमध्ये अकराही जणांची नावं, पदं, कुणाचं आधी कुणाचं नंतर, सगळं नीट क्रमानं दिलं होतं. मायविषयी तीन शब्द होते: महिला सफाई कर्मचारी.

त्या दिवशी पानावर जाहिरात आली नव्हती, म्हणून जागा होती. सर म्हणाले, "तो सफाईवाला फोटो घे. वेगळा आहे. वाचतील लोक."

सर म्हणजे आमचे पानप्रमुख. यवतमाळचेच, वडील कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. वाईट माणूस नाही. बातमी लिहायला त्यांनीच मला शिकवलं.

मी विचारलं, "बाईचं नाव टाकायचं का?"

"प्रेसनोटमध्ये आहे?"

"नाही."

"मग कुठून टाकशील? आणि फोटोओळीत जागा किती आहे बघ. एक मान्यवर कापला तर उद्या सकाळी फोन येतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बाईचा फोन येत नाही."

नाव मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. तीन अक्षरांचं नाव. एक उपाध्यक्ष कापला असता तर बसलं असतं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की सर, ही माझी आई आहे. कार्यालयात सहा जण बसले होते. समोरची मुलगी डबा उघडून विचारत होती, मेथीची भाजी कुणाला हवी. मी ओळ टाइप केली.

"महिला सफाई कर्मचाऱ्याचा सत्कार करताना संस्थेचे अध्यक्ष मनोहरराव," आणि पुढे दहा नावं. अध्यक्षांचं नाव ठळक. तशीच पद्धत होती.

ही पद्धत काय असते ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. आपल्याकडे सत्काराच्या बातमीत सत्कार करणाऱ्यांची नावं असतात. ज्याचा सत्कार होतो तो अधिकारी, नेता, डॉक्टर असेल तर त्याचंही असतं. नाही तर तो "गुणवंत", "ज्येष्ठ", "कर्मचारी", "लाभार्थी" असतो. मी त्या आठ महिन्यांत असे किती फोटो लावले ते मोजलं नाही. एकातही मला काही खटकलं नव्हतं.

रविवारी मी घरी गेले. मायनं पेपर आधीच मिळवला होता. शाळेतल्या बाबूंकडून मागून आणलेला. फोटो कापून तिनं त्याला कडेनं चिकटपट्टी लावली होती आणि आरशाखाली भिंतीवर लावला होता. भाकरी टाकता टाकता ती म्हणाली, "पाह्यलं काय व? पुऱ्या गावानं पाह्यलं. जयतुनबी म्हणे, तू तं हिरोईन झाली."

जयतुनबी म्हणजे शेजारची. तिचा नवरा सायकली दुरुस्त करतो.

"छान आलाय फोटो," मी म्हटलं.

"ते इंग्रजीत काय म्हनत होते बाप्पा? फेलि का काय. मायकावर चार खेप म्हटलं. त्याचा अर्थ काय?"

मी शब्दकोश पाहिला होता. पान छपाईला गेलं त्याच दिवशी, का कोण जाणे. फेलिसिटेशन हा शब्द एका लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान. फेलिसिटेट करणं म्हणजे मुळात सुखी करणं. पुढे इंग्रजीत तो अभिनंदन करणं या अर्थानं रुळला, आणि तिकडे आता क्वचितच वापरतात. मंच, फलक, शाल, नारळ आणि फोटो हा अर्थ आपण दिला. बाहेर इंग्रजीत कुणी कुणाला फेलिसिटेट केलं म्हणजे दोन शब्द बोलला. आपल्याकडे केलं म्हणजे कुणी तरी कुणाच्या तरी शेजारी उभा राहिला आणि त्याचा पुरावा ठेवला.

मी मायला एवढंच सांगितलं, "सुखी करणं."

"मंग केलं न," ती म्हणाली. "मले तं लय बरं वाटलं."

मी विचारलं, "शाल खांद्यावर का नाही घातली गं?"

भाकरी उलटायला वेळ लागला. मग म्हणाली, "हात ओले होते माह्ये. पडली असती."

हात ओले असताना शाल हातात कशी देतात, हे मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर ती कात्रणाजवळ गेली. पदरानं हात पुसले. "ये इकडं. माह्यं नाव कुठं हाय, दाखव."

मी उभी राहिले. तिचा चेहरा माझ्या खांद्याजवळ होता. फिनाईलचा वास तिच्या हातांना रविवारीही असायचा. अकरा नावं होती. त्यातलं एकही तिचं नव्हतं. म्हणता आलं असतं की माय, नाव नाही. मग ती म्हणाली असती, काहून नाही? मग मला सांगावं लागलं असतं.

मी ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे."

"एवढं लंबं?"

"पेपरात पूर्ण लिहितात."

ती जवळ वाकली. तिनं स्वतःचं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि अक्षरांवरून हळूच फिरवलं. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. "जाड हाय," ती म्हणाली. "बाकीच्यायपेक्षा जाड हाय." तिला फार आनंद झाला होता.

मी दुपारच्या जीपनं यवतमाळला परत गेले.

पुढची तीन वर्षं ते कात्रण तिथेच होतं. मी घरी आले की त्याच्याकडे पाठ करून बसायची. मायला काही कळलं नाही, असं मला वाटत होतं. मला मात्र एक गोष्ट कळली नव्हती. ती लिहायला शिकत होती.

हे मला नंतर जयतुनबीनं सांगितलं. मायनं ती ठळक अक्षरं पाठ केली होती. वही घ्यायची तिला लाज वाटायची. शाळा सुटली, पोरं गेली, की फरशी धुताना ती खराट्याची एक काडी मोडून घ्यायची, पाण्यात बुडवायची आणि ओल्या काडीनं फरशीवर लिहायची. उन्हाळ्यात अक्षरं लवकर वाळायची. वाळली की पुन्हा. कुणी आलं की बादली ओतायची. तीन वर्षं संस्थेच्या अध्यक्षांचं नाव संडासाच्या फरशीवर लिहिलं जात होतं आणि पुसलं जात होतं. लिहिणारीला वाटत होतं की ती स्वतःचं नाव लिहिते आहे. जयतुनबीला तिनं बजावून ठेवलं होतं, "पोरीले सांगू नोको. रिटायर होईन त्या दिवशी तिच्यापुढं सही करीन."

तो दिवस एप्रिलमधला. माय निवृत्त होत होती. सोबत एक शिक्षकही. संस्थेनं दोघांचा एकत्र कार्यक्रम ठेवला. फलकावर पुन्हा तोच शब्द. मी सुट्टी घेऊन गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. पंखे होते, पण वारा लागत नव्हता. मायनं हिरवं लुगडं नेसलं होतं, माझ्या पहिल्या पगारातलं. ती मंचावरच्या खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती, पाठ न टेकता.

शिक्षकाच्या खांद्यावर शाल घातली गेली. मायला हातात मिळाली. या वेळीही पिशवीत.

त्या संस्थेत सत्कारांची एक नोंदवही होती. ज्याचा सत्कार होईल त्यानं मंचावरच त्यात सही करायची. पाहुण्यांना ती दाखवत. शिक्षकानं सही केली. मग मोठे बाबू मायसमोर वही घेऊन आले आणि दुसऱ्या हातातला शाईचा पॅड उघडला.

माय म्हणाली, "पॅड नोको बाबू. मले सही येते."

ते समोरच्या ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अरे वा." काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबूंनी पेन दिलं. मायनं आधी सभागृहात मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत. मी दिसले तशी ती हसली, आणि लिहायला लागली.

तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही, हे मी नमूद करते. ती ओठ दाबून लिहीत होती. मला अजून काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं, कुणा शिक्षिकेनं शिकवलं असेल. मला बरं वाटलं. मी टाळी वाजवायला हात उचलले होते.

बाबूंनी वही फिरवून वाचली. पुन्हा वाचली. मग ते ध्वनिक्षेपकाजवळ गेले.

"भाऊसाहेब, हे पाहा. बाईनं तुमचंच नाव लिहून टाकलं."

अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी वही पाहिली. ते रागावले नाहीत. ते हसले आणि म्हणाले, "मंग खुर्चीवर बी आता तूच बस, बाई."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले मान्यवर हसले, शिक्षक हसले, मग पोरं हसली. टाळ्या वाजल्या. कुणी शिटी मारली.

माय पण हसली. तिला वाटलं, हे कौतुक आहे. सही आली म्हणून भाऊसाहेब थट्टा करून राह्यले. तिनं पदर तोंडाशी नेला आणि लाजून म्हणाली, "नाही बाप्पा, कायची खुर्ची." त्यावर आणखी हसले. तिनं टाळ्या वाजवणाऱ्यांना हात जोडले. सगळीकडे फिरून जोडले. डावीकडे, उजवीकडे, मागे.

त्या शब्दाचा मूळ अर्थ सुखी करणं. त्या सभागृहात त्या क्षणी खरोखर सुखी असं एकच माणूस होतं. आणि त्याचं कारण मी होते.

बाबूंनी वहीतलं नाव खोडलं. आडव्या दोन रेघा. "बाई, ते ऱ्हाऊ दे. अंगठाच दे." त्यांनी तिचा हात धरला आणि पॅडवर टेकवला. तेव्हा तिचं हसू गेलं. तिनं मला शोधलं. "काहून?" ती म्हणाली. "सही चुकली काय व?"

ती बाबूंना विचारत नव्हती. मला विचारत होती.

गप्प बसता आलं असतं. घरी जाऊन सांगता आलं असतं की एक काना चुकला. तिनं विश्वास ठेवला असता. तीन वर्षांपूर्वी ठेवला तसाच. मी उठले. खुर्च्यांच्या मधून मंचापर्यंत गेले.

"सही तिची चुकलेली नाही," मी म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी पेपरात हिचा फोटो आला. ओळीत तुमची अकरा नावं होती, हिचं नव्हतं. ती ओळ मी लिहिली. हिनं नाव विचारलं तेव्हा मी भाऊसाहेबांच्या नावावर बोट ठेवलं. हसायचं असेल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष थोडे पुढे वाकले. "तुम्ही पेपरवाल्या मॅडम न? यवतमाळच्या? ही कोण तुमची?"

"माझी माय."

चार लोकांत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. वय सव्वीस.

"मग मॅडम, तुम्ही तं कधी बोलल्या नाही," अध्यक्ष म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आम्हाले काय माहीत. बसा. कार्यक्रम होऊन जाऊ द्या."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी कधी बोलले नव्हते.

माय वहीकडे पाहत होती. अंगठ्याला शाई तशीच होती. तिनं खोडलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "मंग हे कोनाचं हाय?"

बाबू म्हणाले, "भाऊसाहेबांचं."

"आन माह्यं?"

तिनं ती अक्षरं पुन्हा एकदा पाहिली. तीन वर्षं रोज लिहिलेली. मग तिनं अंगठा उचलला आणि अंगठ्यासाठी सोडलेल्या जागेत नाही, त्या अक्षरांवरच दाबला. जोरात. सगळा भार देऊन. शाई अक्षरांवर पसरली.

"हे माह्यं," ती म्हणाली.

शाल टेबलावर होती. तिनं ती पिशवीसकट अध्यक्षांच्या बाजूला सरकवली. "शाल ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब. हातात धरायची शाल मले नोको. मांगच्या खेपेलेच नोको होती."

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. ओले हात वगैरे काही नव्हतं. मी विचारलं होतं म्हणून, मला वाईट वाटू नये म्हणून, तिनं ते सांगितलं होतं. मी तिच्याशी खोटं बोलले, ती माझ्याशी. तिचं खोटं माझ्यासाठी होतं. माझंही माझ्यासाठीच होतं.

घरापर्यंतच्या रस्त्यावर ती पुढे चालत होती. चप्पल हातात, का ते माहीत नाही. वळणावर थांबली. मागे न पाहता म्हणाली, "तुले माही लाज वाटली होती काय?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

घरी तिनं आरशाखालचं कात्रण काढलं. फाडलं नाही. चिकटपट्टी चारही बाजूंनी नीट सोडवली आणि माझ्या हातात दिलं. "हे तुह्यं. तू लेहेलं."

मी त्याच संध्याकाळी पाटी आणली. तिचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत. तीन अक्षरं. म्हटलं, माय, हे खरं. तिनं पाटीकडे पाहिलं नाही. ती तांदूळ निवडत होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मले आता कोनतं खरं ते कसं समजन? तूच सांगशीन न."

त्याला तीन वर्षं झाली. ती पाटी पलंगाखाली आहे. माय सगळीकडे अंगठा देते. बँकेत, रेशनला, दवाखान्यात. कुणी म्हणालं की बाई, पोरगी पेपरात आणि तू अंगठा, तर ती म्हणते, "अंगठा माह्या हातचा हाय." माझ्याशी बोलते. जेवायला वाढते. पेपर वाचून दाखव असं मात्र तिनं पुन्हा म्हटलेलं नाही.

कार्यालयात परत गेले त्या दिवशी मी सरांसमोर कात्रण ठेवलं आणि दुरुस्ती छापायची मागणी केली. त्यांनी चष्मा वर केला. "तीन वर्षांपूर्वीच्या फोटोओळीची दुरुस्ती?"

"ही माझी आई आहे."

त्यांनी कात्रण उचलून जवळून पाहिलं. मग म्हणाले, "वेडी आहेस का? तेव्हाच सांगायचं. तुझी आई म्हटल्यावर टाकलं असतं की नाव."

"माझी आई म्हणून टाकलं असतं," मी म्हणाले. "तिचं म्हणून नाही."

दुरुस्ती छापली गेली नाही. मीही पुन्हा मागितली नाही, कारण मला तोपर्यंत कळलं होतं की एका ओळीनं ती होणारही नाही.

मी आजही त्याच पानावर आहे. सत्काराचा फोटो आला की आधी पाहते, शाल कुणाला मिळते आहे. तिथून सुरुवात करते. नाव नसेल तर फोन लावते. शाळेला, ग्रामपंचायतीला, किराणा दुकानदाराला, ज्याला माहीत असेल त्याला. राळेगावच्या एका कार्यक्रमात कापूस वेचणाऱ्या चौदा बायांचा फोटो आला तेव्हा मी चौदा नावं मिळवली आणि मान्यवरांपैकी एकालाही जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सरांनी मला बोलावलं. दोनदा लेखी समज मिळाली आहे. पान काढून घेऊ, असंही सांगून झालं आहे.

काढून घ्या. पान माझ्याकडे आहे तोपर्यंत नाव नसलेला फोटो जाणार नाही. पान गेलं तर मी दुसरीकडे लिहीन. ते गेलं तर हातानं लिहीन. मायनं मला माफ करावं म्हणून मी हे करत नाही. तिनं माफ केलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

तिचं नाव गिरिजा. त्या दिवशी ही तीन अक्षरं माझ्या बोटांखाली होती आणि मी ती टाइप केली नाहीत. आता जो कुणी ओळ लहान करायला येईल, त्यानं वरून कापायला सुरुवात करावी. खालचं नाव मी कापू देणार नाही.